नकाशात महिने नसतात

गेल्या दिवाळीत गावी गेले होते तेव्हा दादानं (चुलतभाऊ, पण आमच्यात चुलत वगैरे कुणी म्हणत नाही) फोनवर एक व्हिडिओ दाखवला. आमच्याच माळाचा. ड्रोननं वरून काढलेला, मागे बासरीचं म्युझिक, आणि जमिनीवर पिवळ्या रेघा ओढून प्लॉट पाडलेले, प्रत्येकावर नंबर, एका कोपऱ्यात क्लब हाऊस, दुसऱ्या कोपऱ्यात मंदिर. ज्यानं बनवला तो एजंट पोरगा समोरच बसला होता, चकली खात. आजूबाजूच्यांनी होकार दिलाय, तुमचा माळ नेमका मधे येतो, तुम्ही हो म्हणालात की रस्ता सरळ होतो, असं त्याचं चाललेलं. माझं लक्ष मात्र व्हिडिओतल्या एका काळपट डागाकडं. तो डाग हलत होता. प्लॉटच्या रेघा ओलांडून तिरका तिरका सरकत होता, मधेच फाटायचा, परत एक व्हायचा. मेंढरं होती. पुढं एक पांढरा ठिपका, ते पागोटं असणार. मी म्हटलं हे काय रे, तर पोरगा एकदम सॉरीच म्हणाला. "ते राहिलंय ताई, एडिटिंगमध्ये काढून टाकतो. क्लायंटला जागा मोकळी दिसली पाहिजे ना."

आणि खरंच, नंतर दादानं फायनल व्हिडिओ फॉरवर्ड केला त्यात मेंढरं नाहीत.

तो पोरगा वाईट नाहीये. बी.कॉम. झालाय, नोकरी नाही, बाईकचे हप्ते आहेत. आणि त्यानं जे केलं ते त्याच्या आधी कितीतरी शहाण्या लोकांनी करून ठेवलंय, त्यांच्याकडं फक्त ड्रोन नव्हता. आमच्या सातबाऱ्यावर या तुकड्याचा मोठा भाग पोटखराबा म्हणून लागलेला आहे. म्हणजे लागवडीला नालायक, आकारणी नाही, विषय संपला. साहेबाच्या काळात जमिनीकडं बघायची नजर एकच होती, सारा किती येतो. जिथं येत नाही ती पडीक. साहेब गेला, रकाना राहिला. पुढं उपग्रहाच्या फोटोंवरून देशातल्या पडीक जमिनींचा ॲटलास निघाला त्यातही गवताचे माळ आणि बाभळी-बोरीची खुरटी रानं बरीचशी पडीकमध्येच गेली. म्हणजे आकाशातून बघितलं तरी तेच दिसलं, कारण काय बघायचं हे खालीच ठरलेलं होतं.

आमचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पुरंदरचा पूर्व भाग, बारामती, इंदापूर, दौंड, पलीकडं फलटण, माण, खटाव, खाली माळशिरस, सगळं एकच रान आहे खरं तर, तालुके आपण पाडलेत. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. जिथं नीरेचा कालवा पोचला, उजनीचं पाणी पोचलं तिथं ऊस, आणि जिथं नाही तिथं हे. जूनमध्ये पहिला वळीव झाला की आठवडाभरात मुरमातून हिरवं टोचून वर येतं, श्रावणात गुडघ्याएवढं होतं, आणि दिवाळीपर्यंत सगळा माळ तांबूस-पिवळा. आजी गवतांची नावं शेजारणींची सांगावी तशी सांगायची. पवन्या, मारवेल, डोंगरी, शेडा. कुसळीला मात्र शिव्या, कारण तिची कुसळं लुगड्याच्या काठात घुसायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात एकेक उपटत बसायला लागायचं. लहानपणी माझे मोजे त्यासाठी ती उलटे करून ठेवायची. त्या वाळल्या गवताला दुपारी एक वास येतो, गोडसर, थोडा धुळीचा, तो मला पुण्यात कधीतरी पुस्तकाच्या जुन्या दुकानात येतो आणि मी उगाचच उभी राहते.

आजीच्या हिशोबात तो माळ कधीच रिकामा नव्हता. खालच्या अंगाला जरा माती होती तिथं एखाद्या वर्षी बाजरी, एखाद्या वर्षी हुलगा-मटकी, पाऊस नसेल तर काहीच नाही. वरचं गवत कापून गंजी लावायची. शेळ्या बाराही महिने. आणि धनगर आले की त्यांना निरोप जायचा, आमच्यात दोन रात्री बसवा म्हणून. रानात मेंढरं बसवली की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतात, पुढच्या पिकाला दुसरं खत लागत नाही. त्याबदल्यात ज्वारी, कधी पैसे, आणि बायकांच्या आपसात ठरलेलं काय काय, तेल, जुनी लुगडी, लेकराचं औषध. कागद कुठंच नाही.

आम्ही पोरं रात्री वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी, जाऊन बसायचो.

मग झाडं आली. म्हणजे माळावर झाडं असलीच पाहिजेत हा आग्रह आला. मला झाडांबद्दल वाईट लिहायला जड जातं, आपली सगळी शाळा वृक्षदिंडीत गेली. पण माळावर जेसीबीनं सलग समतल चर खोदत जायचं, वरची तळहाताएवढी माती उलटी करायची आणि त्यात गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावायची, याला हिरवं करणं म्हणतात तेव्हा कुठंतरी खटकतं. २०१६ साली राज्यात २ कोटी झाडांचं टार्गेट होतं, २०१९ मध्ये ते ३३ कोटींवर गेलं, आणि एवढी झाडं लावायला मोकळी जागा शोधायची तर ती कुठं सापडणार, माळावरच. चराच्या भरावावर पवन्या येत नाही. धाविक, माळटिटवी, चंडोल ही पाखरं उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांना लांबवर दिसायला लागतं, झाड म्हणजे त्यांच्यासाठी कावळ्याची बसायची जागा. गवताची मुळं जमिनीखाली किती कार्बन धरून बसतात हे आता शास्त्रज्ञ सांगतायत. पण गवताबरोबर कुणाला फोटो काढायचा नसतो.

आणि लांडगा. पुण्यापासून तासा-दीड तासावर लांडगे आहेत हे ऑफिसात सांगितलं की लोकांना वाटतं मी बिबट्याबद्दल बोलतेय. नाही, लांडगाच. देशभरात मिळून तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे, वाघांपेक्षा कमी. कायद्यात वाघाच्याच शेजारी, पहिल्या परिशिष्टात. पण वाघाला व्याघ्र प्रकल्प आहेत आणि लांडगा राहतो शेताच्या बांधावर, ओढ्याच्या कपारीत, पोल्ट्रीच्या मागे, कुणाच्या तरी पोटखराब्यात. एका टोळीला शे-दोनशे चौरस किलोमीटरचा वावर लागू शकतो. आता अभयारण्यं बघा. सुप्याजवळचं मयूरेश्वर, चिंकाऱ्यांसाठीचं, १९९७ चं, ५.१४ चौरस किलोमीटर. नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी, काळविटांसाठीचं, १९८० चं, २.१७. दोन्ही मला आवडतात, मयूरेश्वरला तर कितीदा गेलेय, सकाळच्या उन्हात चिंकारा मान वळवून बघतो तेव्हा त्याच्या कानाच्या पातळ कातडीतून उजेड आरपार दिसतो. पण तिथला लांडगा एका रात्रीत अभयारण्याच्या एका टोकातनं शिरून दुसऱ्या टोकातनं बाहेर पडतो आणि अजून त्याचं जेवण व्हायचं असतं.

मग मोठं अभयारण्य करायचं का? तेही करून झालंय. नान्नजचं माळढोक अभयारण्य, १९७९. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावंच्या गावं होती, चालू शेतं होती, बाजार होते. वनखात्याची जमीन त्यात थोडी, बाकी लोकांची. जमिनीचं काहीही करायचं तर अभयारण्याचा अडथळा, आणि ज्यांच्या रानात तो पक्षी पिढ्यानपिढ्या चरत होता त्यांनाच तो वैरी वाटायला लागला. पुढं कापत कापत ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. इकडं पाणी आलं, पिकं बदलली, तारा आल्या, आणि आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. मी सोलापूरच्या एका काकांशी यावर एकदा वाद घातला होता, ते म्हणाले, "पोरी, आमच्या बापानं माळढोक बघितला, आम्ही त्याचा बोर्ड बघितला." त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्या बोर्डामुळं निदान काही गवत राहिलं हेही खरं आहे, आणि नान्नजच्या त्या माळावर लांडग्यांचा रीतसर अभ्यास झाला म्हणून तर आज आपल्याकडं थोडीफार माहिती आहे. दोन्ही खरं असलं की वाद मिटत नाही.

दिवाळीनंतर डोक्यात ते व्हिडिओचं राहिलंच होतं, म्हणून एका रविवारी दादाला म्हटलं तो कळप कुणाचा ते बघू. तो कळप मिळाला नाही, कोकणात उतरला असणार. दुसरा एक वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, मिळाला, उशिरा निघालेला, ओढ्याच्या अलीकडं. घोड्यावरनं उतरवलेलं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, घोंगडीवर झोपलेलं एक लेकरू आणि त्याच्या पायाशी तेवढंच एक कुत्र्याचं पिल्लू. मावशींनी बसायला पोतं दिलं. दूध घातलेला चहा, त्यात धुराची चव. मी लांडग्याचं विचारलं तर हसल्या. "येतंय की. वर्साला धा-बारा कोकरं जात्यात. त्येलाबी प्वाट हाय." मग जरा थांबून, "पर बिबट्या नको बया. लांडगं मेंढरू न्हेतंय, बिबट्याची माणसाला भ्या." दादानं मान हलवली. ऊस जसा सरकत आला तसा बिबट्या आला आमच्याकडं, लांडगा मागं हटला, हे दादानंही बघितलंय. सगळेच धनगर मावशींसारखं बोलत नाहीत हेही सांगायला पाहिजे, कपारीच्या तोंडाशी धूर करून पिल्लं मारल्याच्या गोष्टी याच माळावर मी ऐकल्यात. आणि का नाही मारणार? भरपाई आहे, बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम यातलं जे कमी असेल ते, पण त्यासाठी ताबडतोब कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही, पंचनामा व्हायचा, डॉक्टरचा दाखला लागतो. लांडगा कोकरू तोंडात धरून निघून गेलेला असतो. पंचनामा कशाचा करणार? आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात.

मी विचारलं, तुम्हाला काय पायजे मावशी, म्हणजे सरकारनं काय करावं? असले प्रश्न विचारायची मला सवय आहे. त्या म्हणाल्या रस्त्यावरनं मेंढरं न्यायला भीती वाटते, गाड्या थांबत नाहीत. आधी बांधाबांधानं जायचो, आता तारा. कंपाउंडला वळसा घालून जायचं तर पुढं दुसरं कंपाउंड. फार्महाऊसवाल्यांची कुत्री सुटतात अंगावर. एका ठिकाणी शेततळ्याच्या प्लास्टिकवरनं मेंढरू घसरलं ते वर आलंच नाही. (हरणंही पडतात त्यात, दादा म्हणाला, उन्हाळ्यात पाणी प्यायला जातात आणि चढता येत नाही.) चाऱ्याचं काय, तर गायरानं होती तिथं आता एक तर रोपवन नाहीतर काचा.

काचा म्हणजे सोलर पॅनल. इथं माझी पंचाईत होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनच्या जवळची सरकारी जमीन, गायरानंही, सोलरसाठी दिली जातात, आणि त्यामागचं कारण इतकं रास्त आहे की विरोध करायला जीभ रेटत नाही. शेतीला लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीला दादा दोन वाजता उठून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो, पायात गमबूट, हातात बॅटरी, उसात काहीतरी खसफसलं की मोबाईलवर मोठ्यांदा भजन लावायचं. वहिनी तेवढा वेळ जागी असते, मला एकदा म्हणाली की मी झोपेचं नाटक करते. त्यांना दिवसा लाईट मिळत असेल तर मी कोण गवताचं सांगणारी, पुण्यात चोवीस तास लाईट असलेली? आणि तरीही. ते सोलर माळावरच का, कालव्यावर का नाही, गोदामांच्या पत्र्यांवर का नाही, पॅनलची उंची वाढवून खालनं मेंढरं का जाऊ नयेत, हे कुणी बसून बघितलेलं नाही, कारण माळ रिकामा आहे हे आधीच ठरलंय. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे, पण तुझं बरोबर ठरेपर्यंत मी रात्रीच जाऊ का?"

यावर मी काही बोलले नाही.

गेले काही महिने मी आमच्या भागाचे आराखडे, नकाशे बघत असते, जमेल तसं. पीडीएफ उघडायची आणि झूम करत बसायचं. रहिवासी पिवळा, शेती हिरवी, वन गडद हिरवं, उद्योग जांभळा. माळाला रंग नाही. तो शेतीत तरी जातो, म्हणजे उद्या एनए (बिगरशेती) होणार, नाहीतर वनात जातो, म्हणजे उद्या तिथं चर खोदणार. पुरंदरच्या सात गावांत विमानतळ येऊ घातलाय, त्याच्या भोवती भाव चढलेत ते पार आमच्यापर्यंत, तो एजंट पोरगा त्याच लाटेवरनं आलेला. मधल्या काळात माळावर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर भटकी कुत्री पोसली गेली, आणि आता पुण्याच्या जवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. म्हणजे पोल्ट्रीचा कचरा कुठं टाकायचा हाही लांडग्याच्याच नियोजनाचा भाग आहे, पण तो ग्रामपंचायतीच्या वहीत, लांडगा वनखात्याच्या, मेंढरू पशुसंवर्धनच्या, जमीन महसूलच्या. एकाच ओढ्याच्या काठावर चार खाती.

आणि मला जे सगळ्यात जास्त टोचलं ते म्हणजे या नकाशांमध्ये महिने नसतात. माळ तर सगळा महिन्यांवर चालतो. लांडगीण मार्गशीर्ष-पौषात ओढ्याच्या कडेला पिल्लं घालते, नेमकी तेव्हापासूनच जेसीबीच्या मातीकामाची सुगी. तेव्हा फक्त दोन-तीन महिने त्या काठाला हात लावू नका, नंतर काय ते करा, एवढ्यानंसुद्धा फरक पडेल. पाखरांची अंडी उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला. गवताचं बी भाद्रपद-आश्विनात पडतं, तोवर चराई थांबवली तर पुढच्या वर्षी गवत, त्यानंतर मेंढरांनी खाल्लंच पाहिजे, नाहीतर जुनं गवत साचून कुजतं नाहीतर पेटतं. आजी हे सगळं करायची, वरच्या अंगाला दसऱ्यापर्यंत शेळी घालू द्यायची नाही. एकाच जागेवर चार जणांची पाळी, कुणी कायमचा मालक नाही. हे प्लॅनमध्ये लिहायचं कसं? अभयारण्य म्हटलं की बारा महिने सगळे बाहेर, प्लॉट म्हटलं की बारा महिने सगळे बाहेर. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे हंगाम हा शब्द कायद्याला माहीत आहे, नकाशाला नाही. २०२६ हे तर संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलंय. मावशींना सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या, "मग त्या वर्सात काय देणार?"

तसं अगदीच काही होत नाही असं नाही. इंदापूरच्या कडबनवाडीला गावातल्या लोकांनी गवत आणि चिंकारे राखलेत, आता वनखात्यानं तिथं माळरान सफारी सुरू केली, लोक तिकीट काढून माळ बघायला येतात हे आजीला सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. मला सफारीचं फार कौतुक नाही, जिप्सी आल्या की पुढं हॉटेलं येतात. पण गवताकडं बघायला कुणीतरी येतं, हेही आमच्या भागात नवीनच.

व्यवहाराचं अजून ठरलेलं नाही. आमच्या घरात पाच वाटण्या, दोघांना पैशांची खरी गरज आहे, एकाच्या मुलीचं मेडिकलचं ॲडमिशन. मी विकू नका म्हणाले तर माझा वाटा कुणीतरी विकत घ्यावा लागेल, आणि तेवढे पैसे माझ्याकडंही नाहीत. माळ राखणाऱ्याला राखल्याबद्दल वर्षाला काही मिळेल अशी सोय असती, चराईला वाट ठेवली, तार घातली नाही, चर खोदले नाहीत म्हणून, तर घरातलं बोलणं वेगळं झालं असतं. झाड लावायला अनुदान आहे, शेततळ्याला आहे, ठिबकला आहे. काही न करण्याला नाही.

तोवर एक केलं. त्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या, मी एक लिहून दिली. दोन पानी, कोणत्या ओढ्याच्या काठावर कोणत्या महिन्यात मातीकाम नको, कोणत्या गायरानातनं मेंढरांची वाट जाते, कुंपणात कुठं फट ठेवता येईल, सोलर कुठं सरकवता येईल. जाताना मावशींच्या वाड्यातल्या एका पोराला घेऊन गेले असते, पण सगळे कोकणात. काऊंटरवरच्या बाईंनी अर्ज उलटापालटा केला आणि विचारलं, बाधित गट नंबर कुठला? मी म्हटलं एक नाही, वाट आहे, बऱ्याच गावांतनं जाते. त्या म्हणाल्या एक तरी टाका, त्याशिवाय एंट्री होत नाही. शेवटच्या मुद्द्यात मी लिहिलं होतं की सुनावणी ज्येष्ठात ठेवावी, तेव्हा कळप वर आलेले असतात, त्यांना येता येईल. तो त्यांनी मोठ्यानं वाचला, शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना ऐकू जाईल असा. साहेब म्हणाले पंचांग बघून सुनावण्या लागत नाहीत मॅडम. मग ज्येष्ठ म्हणजे नक्की कधी, असं विचारलं. मी म्हटलं मे-जूनच्या आसपास, वर्षावर असतं. त्यांनी पेननं समासात 'जून?' असं लिहिलं आणि आवकचा शिक्का मारला.